शहर घडविणारे हात

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या बेटाचे रूप झपाट्याने पालटले आहे. एबेनला जेथे ऊस डोलत होता तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. 2019 च्या अखेरीस पोर्ट लुईहून रोझ हिलपर्यंत मेट्रो धावू लागली आणि 2022 साली ती क्युरपिपला पोहोचली. वाकवा, क्वात्र बोर्न, रोझ हिल ही शहरे आता एकमेकांत इतकी मिसळली आहेत की एकाची हद्द कोठे संपते हे परक्याला कळत नाही. ही प्रगती आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. पण शहर वाढते तेव्हा त्याचा आत्मा कोण घडवितो, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

आपली डोंगरमाथ्यावरची शहरे कशी वाढली हे आठवून पाहावे. 1864 साली आगगाडी सुरू झाली आणि पाठोपाठ 1866 ते 1868 या काळात मलेरियाची भयंकर साथ आली. पोर्ट लुईमधील ज्यांना शक्य होते ते लोक थंड हवेच्या प्लेन विल्हेम्स भागात राहायला गेले. रूळ आणि रोग, या दोघांनी शहरांची जागा ठरविली. पुढे 1956 साली उतारूंची आगगाडी बंद झाली आणि आजची मेट्रो बऱ्याच अंशी त्याच जुन्या मार्गावरून जाते. म्हणजे वाहने येतात आणि जातात. टिकतात ती माणसे आणि त्यांच्या चालीरीती.

ही माणसे कोण? वहीत उधारी मांडून मजुरांची घरे महिनाअखेरपर्यंत चालविणारा चिनी दुकानदार, बाजारात कापडाचे ठाण उलगडणारा व्यापारी, पहाटे उठून दोलपुरी लाटणारी बाई, रावान तापवून सेगा गाणारा क्रेओल वादक. यांच्यापैकी कोणाचेही नाव शहराच्या नकाशावर नाही. तरीसुद्धा आपल्या शहराची चव, बोली आणि ताल यांनीच दिला आहे.

एकेकाळी सेग्याला प्रतिष्ठित घरांत जागा नव्हती. लग्नाच्या आदल्या रात्री भोजपुरी बायका गात त्या गाण्यांकडेही शिकलेले लोक नाक मुरडीत. पुढे 2014 साली युनेस्कोने सेग्याला आणि 2016 साली गीत-गवाईला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. जगाने मान दिला तो नंतर. त्याआधी कित्येक पिढ्या साध्या माणसांनी ही कला कोणाचे अनुदान न घेता जिवंत ठेवली होती. त्या बायका गायच्या थांबल्या असत्या तर युनेस्कोपुढे ठेवायला काय उरले असते?

आता आपल्या घराकडे वळू. आपले पूर्वज रत्नागिरी आणि सातारा भागांतून मुंबई बंदरामार्गे येथे आले, तेव्हा त्यांच्या गाठोड्यात गणपती होता आणि पायांत जाखडीचा ठेका होता. 1896 साली हेनरिएटात गणेशचतुर्थीचा उत्सव झाला, ही आठवण आपल्या समाजात आजही सांगितली जाते. कास्काव्हेलसारख्या गावांत ढोलकी आणि झांजेच्या तालावर फेर धरला जाई आणि लहान मुले मोठ्यांच्या पायांकडे पाहून आपोआप शिकत. त्यासाठी वर्ग लागत नसे, शेजार पुरेसा होता.

आज तोच शेजार विखुरला आहे. मुले नोकरीसाठी शहरात आली, कोणी सदनिका घेतली, कोणी कर्ज काढून घर बांधले. शेजारी मराठी घर असेलच असे नाही. गाणी पाठ असलेले वडीलधारे गावी राहिले आणि नातवंडे शनिवार-रविवार शिकवणीला जातात. काही पालक म्हणतात, शहरात इंग्रजी आणि फ्रेंच चालते, मराठी घेऊन मुलाचे काय भले होणार? त्यांची काळजी खोटी नाही, परीक्षेची चुरस आम्हीही रोज पाहतो. पण ज्या शहरात प्रत्येक समाज आपल्या हातचे काही घालतो, तेथे आपले मूल रिकाम्या हाताने उभे राहिले तर ते शहराचे भाडेकरू होईल, घरधनी होणार नाही.

म्हणून काही साध्या सूचना. एक, प्रत्येक मंडळीने आपल्या भागातील जाखडी, भजन आणि ओव्या जाणणाऱ्यांची नोंद करावी आणि त्यांची गाणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते, तेथील विद्यार्थ्यांची या कामी मदत घ्यावी. दोन, जाखडी मंडळीच्या सभागृहातच कोंडून न ठेवता नगरपालिकेकडे सभागृह आणि मैदान मागावे. आपण कर भरतो, ही भीक नव्हे. तीन, शेजारचे क्रेओल, तमिळ, मुसलमान मूल फेरात येऊ पाहत असेल तर त्याला आनंदाने घ्यावे आणि आपल्या मुलाला रावान शिकू द्यावे. दिल्याने कला आटत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या समारंभांत हारतुरे पाहुण्यांना मिळतात, पहिल्या रांगेतील खुर्च्याही त्यांनाच. ढोलकी वाजविणारे आजोबा मात्र मागे उभे असतात आणि मोदक वळणाऱ्या आजी-काकू स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत भाषणे संपलेली असतात. पाहुण्यांचा मान अवश्य राखावा. परंतु येत्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या या मंडळींसाठी राखून ठेवाव्यात आणि त्यांच्या शेजारी एकेक नातवंड बसवावे. आपले शहर कोण घडवितो, हे त्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.