राजी नसलेल्याचा राजीनामा

नोकर नकोसा झाला असता त्याला कमी करण्याचा मार्ग कायद्याने मालकाला दिलेला आहे. तो मार्ग सोडून, नोकराने आपण होऊनच निघून जावे अशी परिस्थिती निर्माण करावयाची आणि अखेर त्याच्याच सहीचा कागद त्याच्याकडून लिहून घ्यावयाचा, ही रीत मात्र चिंता वाटावी अशी आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे, कमी करण्याचे जाहीर केले. पुढे पुण्यातील सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांकडून सक्तीने राजीनामे घेतले गेले, अशी तक्रार ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने मुख्यमंत्र्यांकडे केली. कंपनीने ती साफ नाकारली. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु करवीरनगरीतील कितीतरी घरांतील मुलेमुली आज पुण्यात नोकरीस आहेत, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील कामगारालाही उद्या हाच प्रसंग येऊ शकतो. म्हणून या प्रश्नाचा विचार वेळीच झाला पाहिजे.

मालकाला राजीनामाच का हवा असतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली. पण मूळ तत्त्व बदललेले नाही. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करावयाची तर एक महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते. बारा वर्षे नोकरी झालेल्या माणसाच्या बाबतीत ही भरपाई १८० दिवसांच्या वेतनाइतकी होते. गैरवर्तनाचा ठपका असेल तर आरोपपत्र व चौकशी करावी लागते. नोकराने स्वखुशीने नोकरी सोडली, की ती कपातही नव्हे आणि बडतर्फीही नव्हे! सहीच्या त्या चिटोऱ्याची किंमत ही अशी आहे.

राजीनामा हा शब्द आपण फारसीतून घेतला. राजी असल्याचा लेख, एवढाच त्याचा अर्थ. मग हातचे काम काढून घेऊन, दूरच्या गावी बदली करून, बंद खोलीत बसवून आणि ‘आजच्या आज सही करा, नाहीतर दाखल्यावर शेरा मारू’ असे धमकावून मिळविलेल्या कागदास राजीनामा म्हणावयाचे तरी कसे? कायद्यानेही हे प्रकार ओळखलेले आहेत. सूडबुद्धीने कामावरून काढणे आणि धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने बदली करणे यांची गणना महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथांमध्ये केली. त्याच कायद्याखाली, बडतर्फीचा हुकूम हाती पडण्यापूर्वीही कामगाराला दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हिंदुस्थान लिव्हरच्या खटल्यात दिला.

खासगी शाळांतील शिक्षकांसाठी १९७७ साली झालेला कायदा तर याहून बोलका आहे. राजीनामा द्यावयाचा असेल तर त्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर सही व तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे तो सांगतो. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेण्याचे प्रकार ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या तरतुदीचे मर्म वेगळे सांगावयास नको.

अशा प्रसंगी नोकराने काय करावे? पहिली गोष्ट ही, की त्या खोलीत त्या दिवशी सही करू नये. विचारासाठी मुदत मागावी आणि ती लेखी मागावी. तोंडी धमकीचे उत्तर तोंडी न देता, घडलेली हकीकत तारीखवार लिहून त्याच दिवशी कार्यालयाकडे पाठवावी. काम नाकारले जात असले तरी हजेरी चुकवू नये. दडपणाखाली सही झालीच असेल, तर ती लेखी मागे घेण्यास एक दिवसही दवडू नये. पुढील तारखेचा राजीनामा त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली अलाहाबादच्या एका न्यायमूर्तींच्या बाबतीत मान्य केले आहे. ‘मी साहेबवर्गात मोडतो, मला कामगार कायदा कोठला?’ असे समजून गप्प बसणेही बरे नव्हे. हुद्द्याचे नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते आहे, हे न्यायालय पाहते.

मालकवर्गालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. धंद्यात मंदी येते, नवी यंत्रे येतात, माणसे कमी करावी लागतात, हे आम्ही जाणतो. पण कपात करावयाची तर ती उघडपणे करावी आणि तिचे मोल चुकते करावे. ज्याने उमेदीची वर्षे दिली, त्याच्याच हाताने त्याचा हक्क खोडून घेणे हा व्यवहार नव्हे; ती लबाडी होय.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची पायपीट त्यामुळे वाचली. न्यायालय दाराशी आले आहे. पण तेथे जाणाऱ्याच्या हाती कागद हवा, आणि त्या कागदावरील सही भयाने केलेली नसावी.