फेसाचा वारसा

रेकिट या ब्रिटिश कंपनीने एअर विक, मॉर्टीन, कॅलगॉन, सिलिट बँग अशा घरगुती उत्पादनांचा व्यवसाय ॲडव्हेंट या गुंतवणूक कंपनीच्या हवाली करण्याचा सौदा जुलै २०२५मध्ये जाहीर केला. किंमत ४.८ अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे ४० हजार कोटी रुपयांहून अधिक. हार्पिक, लायझॉल, डेटॉल कंपनीने स्वतःकडे ठेवले. विकायचे काय, ठेवायचे काय, कर्ज किती, भागधारकांना मिळणार किती, यावर रकानेच्या रकाने भरून आले. यातली बरीच द्रव्ये वापरून झाल्यावर ज्या पाण्यात जातात, त्या पाण्याबद्दल एक ओळ नाही. नवा मालक नाव घेतो, कारखाना घेतो, गिऱ्हाईकही घेतो. नदी घेत नाही. ती काठावरच्या लोकांच्या आणि पाण्यातल्या माशांच्या गळ्यात तशीच राहते.

मुंबईने हे आधी पाहिले आहे. टाटा ऑइल मिल्स म्हणजे टॉमको ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करायचे १९९३मध्ये ठरले. हमाम, ५०१, मोती हे सारे साबण लिव्हरचे झाले. गिरगावच्या चाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडल्यावर मोरीत उटण्याच्या वाटीशेजारी मोतीची तीच जाडजूड गोल वडी होती. मालक बदलल्याचे कुणाला जाणवलेही नाही. न्यायालयात मात्र मोठी लढाई झाली. टॉमकोच्या १५ समभागांना लिव्हरचे २, हा भाव योग्य की अयोग्य? कामगारांचे काय? ग्राहकांचे काय? परदेशी कंपनीला एवढी मोकळीक का? हे सगळे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९४मध्ये विलीनीकरण कायम झाले. कामगारांची बाजू मांडायला त्यांची संघटना उभी होती, हे योग्यच झाले. नदीचे वकीलपत्र कुणाकडेच नव्हते. ३० वर्षे उलटली तरी ते अजून कुणाकडे नाही, आणि आमचा राग त्याच गोष्टीवर आहे.

ज्या टाटा समूहाने साबण विकला, त्याच समूहाच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला मासा सांभाळला. दख्खनी महसीर. तळहात झाकेल असा खवला, जाड ओठ, निळसर झाक असलेले पर. कर्नल साइक्स यांनी १८३९मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, म्हणजे हा मासा खास आपला. त्याला वाहते, निवळ, प्राणवायूने भरलेले पाणी आणि तळाशी दगडगोटे लागतात. धरणांनी वाट अडवली, सुरुंगांनी आणि विषांनी डोह रिकामे केले, तेव्हा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९७०च्या सुमारास या माशाची कृत्रिम पैदास करून दाखवली. वळवणच्या केंद्रातून पुढे लाखो पिले देशभर गेली. या कामाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

परळ-लालबागने तर ही गोष्ट अधिकच लक्षात ठेवायला हवी. १९१५मध्ये टाटांची खोपोलीची वीज सुरू झाली आणि गिरणगावचे माग तिच्यावर फिरू लागले. त्यासाठी इंद्रायणीच्या खोऱ्यातले, पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी अडवून घाटाखाली उतरवले गेले. पुढे मुळशीत सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो अशाच विजेच्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून. मुंबईची भरभराट मावळच्या नद्यांच्या जिवावर झाली. ते ऋण आहे, आणि ते फेडायचे तर पिले सोडून भागणार नाही.

कारण पिले सोडायची कुठे? देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना हात लावायचा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. महाडजवळ वाळण कोंडीला सावित्रीच्या खोऱ्यातल्या डोहातला महसीर वरदायिनी देवीच्या नावाने आजही जगतो. पण त्याच इंद्रायणीचे आळंदीला काय होते, ते सारा महाराष्ट्र पाहतो. वर्षानुवर्षे वारीच्या तोंडावर नदी फेसाळते, घाटाच्या पायऱ्यांना पांढरे थर लागतात आणि गिरणगावातून दिंडीबरोबर गेलेला म्हातारा वारकरी तो फेस हाताने बाजूला सारून ओंजळ भरतो. कारखान्यांचे पाणी आणि शहरांचे न शुद्ध केलेले सांडपाणी, दोन्ही त्यात आहे. साबण-पावडरीतली फेस आणणारी द्रव्ये माशाच्या कल्ल्यांवरचा बुळबुळीत थर धुऊन काढतात आणि त्याचा श्वास कोंडतो. फॉस्फेटवर जलपर्णी माजते. श्रद्धेने जपलेला मासा आम्ही धुण्याच्या पाण्यात मारतो.

यावर इलाज नाही असे कुणी सांगू नये. युरोपने २०१३पासून कपडे धुण्याच्या घरगुती पावडरीत एका धुण्यामागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त फॉस्फरस चालणार नाही, असा कायदाच लागू केला. २०१७पासून भांडी धुण्याच्या यंत्रांसाठीही तशीच मर्यादा आली. रेकिटने विकायला काढलेल्या कॅलगॉनचे मूळ रसायनच फॉस्फेट होते, तिथे आता दुसरी रसायने आली. कंपन्या बुडाल्या नाहीत. आपल्याकडे अशी सक्तीची मर्यादा नाही. १९९१पासूनचे इकोमार्क हे ऐच्छिक चिन्ह किती पाकिटांवर दिसते, ते दादरच्या कोणत्याही दुकानात जाऊन पाहावे. २०२२पासून प्लास्टिकच्या वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर आली, हे चांगले झाले. पण मग रिकाम्या पुडीची जबाबदारी कंपनीची आणि पुडीतल्या पावडरीची नदीची, हा कुठला न्याय?

निर्यात, रोजगार, स्वस्त साबण ही कारणे आम्ही ऐकली आहेत. गरिबाच्या घरात साबण पोहोचलाच पाहिजे. त्याची किंमत आळंदीने का मोजावी, एवढेच सांगा.

सरकारला मासा सुचतो तो मिरवण्यापुरता. राज्याने २०२३मध्ये पापलेटला राज्यमासा केले. गोड्या पाण्यातल्या माशांच्या वाट्याला काय आले? दख्खनी महसीर धोक्यातल्या जिवांच्या लाल यादीत संकटग्रस्तांतून कमी चिंतेच्या गटात गेला, म्हणून समाधानाची पत्रके निघाली. तो दिलासा देशभराच्या आकड्यांचा. आळंदीच्या डोहाला त्याचा काय उपयोग? शिवाय याच लोणावळ्याची पिले कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा, कुबड असलेला महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. त्याला वाळूउपसा, धरणे, शिकार ही कारणे आहेतच, पण बाहेरून आलेल्या भावंडाने त्याची जागा घेतली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हेतू चांगला होता. पण नदी न सुधारता मासा ओतणे म्हणजे संवर्धन नव्हे, हे तिथे सिद्ध झाले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. साबण-पावडरीचा कोणताही व्यवसाय या देशात विकला जाईल, तेव्हा त्याच्या सांडपाण्याचा हिशेब सौद्याच्या कागदात असलाच पाहिजे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो तपासल्याशिवाय मालकी बदलू नये. फॉस्फेट आणि फेसद्रव्यांची मर्यादा केंद्राने सक्तीची करावी. पिंपरी-चिंचवडपासून आळंदीपर्यंत इंद्रायणीत पडणारा प्रत्येक नाला कुणाचा, तो शुद्ध केला जातो की नाही, हे मंडळाने पुढच्या आषाढीआधी नावानिशी जाहीर करावे. ज्यांचे नाव त्या यादीत येईल त्यांच्याकडून नदीचा खर्च वसूल करावा, मग कंपनीचा मालक जुना असो की कालच आलेला.