डोंगराकडे, समुद्राकडे : कोबेतील पहिले आठ दिवस

जपानमधील कोबे शहरात वाट विचारली, तर ‘डोंगराच्या बाजूला’ किंवा ‘समुद्राच्या बाजूला’ असे उत्तर बहुधा मिळते. उत्तरेस रोक्को पर्वताची रांग, दक्षिणेस ओसाकाचे आखात आणि या दोहोंमधील अरुंद पट्टीवर पूर्व-पश्चिम पसरलेले शहर. मान वर करून डोंगर पाहिला की दिशा कळते. नोव्हेंबरच्या अखेरीस सांगलीहून आलेल्या एका तरुण दांपत्याला ही खूण पहिल्याच सकाळी शेजाऱ्यांनी सांगितली, आणि पुढील आठ दिवस ती त्यांच्या फार उपयोगी पडली.

विवाहास जेमतेम वर्ष झाले होते. पतीला मोत्यांच्या एका भारतीय पेढीवर तीन वर्षांसाठी काम मिळाले होते. यापूर्वी दोन वेळा तो एकटाच खरेदीसाठी येऊन गेला होता. पत्नीचा मात्र हा पहिलाच परदेशप्रवास. समुद्रात भराव घालून उभारलेल्या कान्साई विमानतळावर उतरून, तेथून अर्ध्या तासाची बोट, मग चालकाविना धावणारी ‘पोर्ट लायनर’ गाडी आणि शेवटी सान्नोमिया स्थानकापासून चढण चढून कितानो, असा तो प्रवास झाला. भाड्याचे घर दोन खोल्यांचे होते. खिडकीतून छपरांच्या रांगांपलीकडे बंदराची निळी पट्टी दिसत होती.

कितानो ही परदेशी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती. १ जानेवारी १८६८ रोजी कोबे बंदर परदेशी व्यापारास खुले झाले आणि पुढे या चढणीवर युरोपीय धाटणीची घरे उभी राहिली. भारतीय व्यापारीही आले. १९२३च्या भीषण भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय पेढ्या कोबेत स्थिरावल्या. १९३५ साली बांधलेली जपानमधील पहिली मशीद याच परिसरात आहे, आणि १९८५ साली उभारलेले भगवान महावीरांचे संगमरवरी मंदिरही येथेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दांपत्य दर्शनास गेले. अरुंद गल्लीत जपानी घरांच्या शेजारी ते पांढरे मंदिर पाहून पत्नीचे डोळे भरून आले. विमानात तिने जे रडू आवरले होते, ते तेथे आवरले नाही.

मंदिरात एक वयोवृद्ध श्राविका भेटल्या. त्यांच्या कुटुंबाची कोबेतील ही तिसरी पिढी. त्यांनी भाजी कोठे घ्यावी, कचरा कोणत्या दिवशी कोणत्या पिशवीत ठेवावा, गादी वाळत कोठे घालावी, हे सारे सांगितले. निघताना म्हणाल्या, “बेटा, इथे थंडीत सूर्य लवकर जातो. घड्याळ बघू नकोस, आकाश बघ.”

खरी अडचण नेमकी तीच होती. या ऋतूत कोबेत पाच वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो. त्या वेळी सांगलीत दुपारचा सव्वा वाजलेला असतो. पत्नीला लहानपणापासून रात्रिभोजनाचा त्याग होता, आणि पतीची पेढी सहा वाजता सुटे. तिसऱ्या दिवशी तो डबा न उघडताच घरी परतला आणि संकोचून म्हणाला, “परदेशात थोडं चालवून घ्यावं लागतं गं. मागच्या दोन्ही खेपांना मी घेतलंच होतं.”

हे तिला ठाऊक नव्हते. ती काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, पाहुणा चार दिवस चालवून घेतो. आपण इथे तीन वर्षं राहायला आलो आहोत.”

त्या रात्री दोघांत आणखी बोलणे झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पतीने पेढीतील ज्येष्ठांना विचारले आणि साडेचार वाजता पंधरा मिनिटांची सुटी मागून घेतली. त्याबदली सकाळी लवकर येण्याचे त्याने कबूल केले. मागितल्यावर ती सहज मिळाली. दोन्ही खेपांना आपण मागितलीच नव्हती, हे त्याने घरी आल्यावर पत्नीला सांगितले.

खरेदीचे काम पत्नीकडे आले. जपानी अन्नात माशाचा अंश कोठे दडलेला असेल, हे नवख्यास समजत नाही. सुकवलेल्या माशाचा अर्क, ज्याला ‘दाशी’ म्हणतात, तो रश्शात असतो, सॉसमध्ये असतो, कधी तयार मिसोच्या डब्यातही असतो. अंडे, दूध, कोळंबी, खेकडा यांची नोंद वेष्टनावर करणे तेथे कायद्याने सक्तीचे आहे. परंतु माशाचा अर्क घटकांच्या बारीक यादीतच शोधावा लागतो. बौद्ध मठांतील ‘शोजिन’ पद्धतीचे भोजन शाकाहारी असते, त्यात कांदा-लसूणही नसतो. तरीही त्यातील रस्सा समुद्री शेवाळ व आळिंबीचा असतो, आणि मुळा, कमळकंद यांचा सढळ वापर होतो. पारदर्शक वडीसारखे दिसणारे ‘कोन्याकू’ही कंदापासूनच बनते. म्हणजे ‘शाकाहारी’ एवढा एक शब्द जैन गृहिणीला पुरत नाही.

तिने एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले आणि डाव्या बाजूस मासा, अंडे, कांदा, लसूण, बटाटा यांची जपानी अक्षरे पाहून पाहून उतरवली. उजव्या बाजूस कोणत्या दुकानात काय चालते, याची नोंद. टोफूवाल्याने तिला तीनदा यायला लावले, कारण दोनदा तिचा प्रश्न त्याला कळलाच नव्हता. तिसऱ्या वेळी त्याने आपल्या मुलीला आतून बोलावले. लाल भोपळा, पालक, कोबी, वांगी, काकडी, तांदूळ आणि तीळ यांवर संसार चालेल, हे पाचव्या दिवशी निश्चित झाले.

त्याच दिवशी एका जपानी मोती-व्यापाऱ्याने दोघांना सायंकाळी सात वाजता भोजनास बोलावले. पेढीचे त्याच्याशी जुने संबंध होते आणि पतीच्या हातून व्हावयाची पहिली मोठी खरेदी त्याच्याकडूनच होती. नाही म्हणणे कठीण, जाणे त्याहून कठीण. दोघे साडेचारला घरी जेवून निघाले. बसल्यावर पतीने पाठ केलेले वाक्य जपानीत म्हटले : “सूर्य मावळला आहे, आम्ही जेवणार नाही, परंतु आपल्यासोबत बसण्यास आनंदाने आलो आहोत.” यजमानाने आणलेली ताटे परत पाठवली, स्वतःही थोडेच खाल्ले. संभाषण अडखळत चालले. तासाभरात सारे उठले. परतीच्या चढणीवर पती म्हणाला, “सौदा गेला बहुतेक.” पत्नीने उत्तर दिले नाही, तिलाही तसेच वाटत होते.

सहाव्या दिवशी रविवार होता. दोघे समुद्राच्या बाजूस उतरत मेरिकेन उद्यानात गेली. १९६३ साली उभारलेला १०८ मीटर उंचीचा लाल मनोरा तेथे आहे. पण त्यांची पावले थांबली ती धक्क्याच्या एका मोडक्या भागापाशी. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या दिवशी खचलेला धक्का आणि कललेले दिव्यांचे खांब तेथे जसेच्या तसे ठेवले आहेत. मंदिरातील श्राविका त्या दिवसांत बादल्यांनी पाणी घेऊन चढण चढत असत, हे पत्नीला आठवले. १९४५च्या बॉम्बवर्षावात जळालेले हे शहर पन्नास वर्षांनी पुन्हा कोसळले आणि पुन्हा उभे राहिले. एक सौदा गेला तर गेला, असे पतीच त्या कठड्याशी उभा राहून म्हणाला.

आठव्या दिवशी त्या व्यापाऱ्याचा पेढीत दूरध्वनी आला : दुपारी साडेअकराला भोजन, दोघांनीही यावे. त्याने उपाहारगृहाशी आधीच बोलून ठेवले होते आणि काय चालत नाही याची यादी पत्नीच्या वहीवरून मागवून घेतली. ताटात भात, तिळाची पूड घातलेला पालक, साधा टोफू आणि वाफवलेला भोपळा होता. भोजनानंतर त्याने मोत्यांच्या माळा खिडकीपाशी मांडल्या. कोबेत मोत्यांची प्रतवारी उत्तरेच्या संथ उजेडात करण्याची रीत आहे. रंग आणि झळाळी त्यातच नीट कळते. भावात त्याने एक येनही सूट दिली नाही. पतीने दोन माळा परत केल्या, बाकी घेतल्या.

त्याच आठवड्यात प्रभाग कार्यालयात पत्ता नोंदवायचा होता. जपानमध्ये घर घेतल्यापासून चौदा दिवसांत ती नोंद करावी लागते. कारकुनाने दोघांच्या ओळखपत्रांच्या मागील बाजूस कितानोचा पत्ता छापून दिला. परतताना मंदिरात त्या श्राविकेने वही चाळली आणि तिची एक प्रत मागितली. महिनाभरात नागपूरहून आणखी एक जोडपे येणार होते. पत्नीने त्याच रात्री प्रत करावयास घेतली. टोफूवाल्याच्या दुकानापुढे तिने खूण लिहिली : ‘डोंगराच्या बाजूला, तिसरे दार. मुलीला बोलवायला सांगावे.’