पोराला विचारायचं कुणी?

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीत बारावीच्या पुढं गेलेल्या पोराला दिवसातून दोनदा तरी एकच प्रश्न येतो, "काय मर्दा, लागलं का कुठं?" डेअरीत विचारतात, बाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता विचारतात. भरतीवाल्याला "ग्राउंड निघालं का?" आणि 'नीट' परीक्षा दिलेल्या पोरीला "किती पडले?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. पण या प्रश्नांना एकतर आकडा सांगायचा, नाहीतर मान खाली घालायची. "झोप लागते का रे?" असं कुणी कुणाला विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पहाटे वारणानगरच्या रस्त्याला भरतीची पोरं पळत असतात. वयाची अट जवळ आली की त्यातला एखादा यायचा थांबतो. आधी ग्राउंड सुटतं, मग कट्ट्यावर बसणं, मग घरच्यांच्या पंक्तीचं जेवण. घरचे म्हणतात आळसावलाय, शेजारी म्हणतात मोबाईलनं वाया गेलंय, आणि एखादी आजी हळूच सुचवते, बाहेरचं काही नाही ना बघा. आपण दूध घालायला जातो तेव्हा सकाळ-संध्याकाळ फॅट बघितल्याशिवाय माप पुढं सरकत नाही. म्हशीचं फॅट पॉइंटानं उतरलं तरी वैरण बदलली का, पाणी कमी पडलं का, याची घरात चर्चा होते. पोरगं महिनाभर गप्प असलं तर मात्र आपण म्हणतो, होईल आपोआप.

धाकट्यांचं आणखी अवघड, कारण त्यांना सांगताच येत नाही. वारणाकाठच्या एका पाहुण्यांच्या घरातलं पोर. २०१९ चा महापूर त्यानं बालवाडीच्या वयात पाहिला, २०२१ चा दुसरीत जायच्या आधी. पुढं पाऊस लागला की ते दप्तर माळ्यावर नेऊन ठेवायचं आणि रात्री उठून उंबऱ्याबाहेर बॅटरी मारून बघायचं. आई कौतुकानं म्हणायची, शहाणं आहे, वस्तू जपतंय. चौथीत त्याचं पोट दुखायला लागलं. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, अमावास्येला देवऋषीही झाला. अखेर वर्गातल्या बाईंनी शाळा सुटल्यावर त्याला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "पाऊस आला की तुला काय होतं?" पोरगं अर्धा तास बोलत होतं. बाईंनीच मग आईची समजूत घातली आणि त्याला कोल्हापूरला मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. आता ते पावसात झोपतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या आजारांपैकी एक तृतीयांश चौदाव्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात. म्हणजे आठवीच्या वर्गातच त्यांची पावलं ओळखायला हवीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात १,७६४ आपल्या महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. एवढं शिकलेलं, एवढ्या संस्थांचं राज्य, आणि या यादीत आपण वरती.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' केंद्रं आहेत. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क ठरवला. त्याच कायद्याच्या कलम ११५ नं, जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, असं सांगितलं. तरी आजही पोलिसांच्या भीतीनं घरं असा प्रसंग दडपतात आणि पोराचे उपचार राहून जातात. २०२२ च्या १० ऑक्टोबरला 'टेली-मानस' सुरू झालं. १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.

मग अडतं कुठं? अडतं पहिल्या पायरीवर. कोडोलीहून सीपीआरला जायचं म्हणजे एसटीनं तासाभराची वाट आणि रोजगार बुडवून गेलेला दिवस. ते एकवेळ जमेल. पण स्टँडवर "कुठं निघालाय सगळी?" असं विचारणाऱ्याला काय सांगायचं, इथं घर अडतं. आणि त्याच्याही आधी, याला काहीतरी होतंय हे घरात म्हणायचं कुणी, तिथंच अडतं.

ही पायरी गावातल्याच माणसांनी चढून दाखवल्याचं उदाहरण आपल्या राज्यात आहे. पुण्याच्या एका संस्थेनं २०१३ पासून नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचं काम केलं. गावात ज्यांच्याकडं लोक आपणहून मन मोकळं करतात अशी माणसं त्यांनी हेरली. काहींना 'मित्र' केलं. त्यांचं काम एवढंच, आसपास कोण गप्प झालंय, कोण घरात बसून राहिलंय, यावर ध्यान ठेवायचं. काहींना जास्त शिकवलं, ते 'चॅम्पियन'. ते चार ते सहा वेळा भेटून त्या माणसाचं ऐकून घ्यायचे, अडचणीचे तुकडे पाडून एकेक सोडवायला मदत करायचे आणि आजार मोठा दिसला तर सरकारी दवाखान्याची वाट दाखवायचे. त्यांच्या मोबाईलवर बेकारी, दारू, घरातली भांडणं अशा विषयांवरच्या छोट्या फिल्म असत. चार माणसं जमवून त्या दाखवल्या की बोलणं आपोआप निघे. शिवाय पेन्शन, योजनांचे कागद यांतही हीच माणसं मदत करत, कारण मनाचं अर्धं दुखणं पुष्कळदा त्या कागदातच अडकलेलं असतं. आपल्या शेजारी साताऱ्यात उभ्या राहिलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या चळवळीनंही 'मानसमित्र' घडवले. भूत उतरवायला निघालेल्या घराला दवाखान्याकडं वळवायचं तर पटवणारा माणूस ओळखीचाच लागतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

इथं कुणी म्हणेल, मग हे शिक्षकांनाच सांगा की, त्या वर्गातल्या बाईंनी नाही का केलं? मलाही तसंच वाटत होतं. पण गोव्याच्या 'संगाथ' या संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत हे काम शिक्षकांकडं दिलं. काहींत गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्वतंत्र माणसाकडं. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. स्वतंत्र माणूस असलेल्या शाळांतलं वातावरण सुधारलं, मुलांमधली निराशा आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांकडं दिलेल्या शाळांत फरक जवळजवळ नाहीच. नवल वाटायला नको. मतदार यादी, पोषण आहार, ऑनलाईन माहिती भरून थकलेल्या गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवलं तर ते रजिस्टरच भरणार. आशाताईंचंही तेच. चांगल्या बाई प्रत्येक वर्गाला मिळतीलच असं नाही, म्हणून हे काम नशिबावर सोडू नये. त्यासाठी वेगळा माणूस हवा, त्याला शिकवायला हवं आणि मानधनही द्यायला हवं.

यावरची खरी शंका वेगळीच आहे. गावात गोष्ट पोटात राहत नाही. पोरीनं सांगितलेलं संध्याकाळपर्यंत तिच्या चुलतीच्या कानावर गेलं तर ती पुन्हा जन्मात बोलणार नाही, वर तिचं कॉलेज बंद होईल ते वेगळंच. म्हणून माणूस निवडताना हुशारी, पद, भावकी, पार्टी काही बघू नये. ज्याच्या तोंडून आजवर दुसऱ्याच्या घरचं बाहेर पडलेलं नाही, तोच घ्यावा. पोरींसाठी बाईच हवी. तालमीतला एखादा वस्ताद चालेल, बचत गटातली एखादी वहिनी चालेल, निवृत्त परिचारिका तर फारच उत्तम. आणि त्यांनी आपली हद्द ओळखावी. भास होणारं, स्वतःला इजा करून घेणारं, मरणाच्या गोष्टी बोलणारं पोर त्याच दिवशी डॉक्टरपुढं गेलं पाहिजे. तोवर त्याला एकटं सोडू नये आणि घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत. तिथं नुसतं ऐकून भागत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कोडोली-वारणानगर परिसरात बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळं आहे, म्हणजे हा आदेश आपल्या दारातलाच आहे. पालकसभेत आपण "फी किती वाढली?" विचारतो तसं "समुपदेशक कोण, बसतो कधी?" हेही विचारायला हवं. आणि जी पोरं शाळा-कॉलेज सोडून घरी बसलीत, त्यांची जबाबदारी गावाची. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. दरवर्षी त्यात सतरंज्या आणि खुर्च्या येतात. एक वर्ष खुर्च्या राहू देत.

येत्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. गावातली चार विश्वासाची माणसं निवडून त्यांना जिल्हा रुग्णालयाकडून प्रशिक्षण मिळवून द्यावं, त्यांचं मानधन बालकल्याणाच्या निधीतून काढावं, आणि १४४१६ हा नंबर शाळा, तालीम, डेअरी नि स्टँडवर ठळक रंगवावा, एवढंच त्यात आहे. वाचणाऱ्यांनी आपापल्या गावात हाच अर्ज द्यावा. सूचक म्हणून एक सही लागते, अनुमोदक म्हणून दुसरी. दुसरी सही शोधायला आज संध्याकाळीच बाहेर पडा.