मुलांचा मोबाईल काढून घेतला, पण आपल्या हातातल्याचं काय?

नोव्हेंबर 2022 मध्ये वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाची बातमी देशभर गाजली. पुसद तालुक्यातलं बांशी. इथल्या ग्रामसभेने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव घेतला.

त्याच्या तीनच महिने आधी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट धरली होती. 14 ऑगस्टला गावातल्या महिलांच्या सभेत निर्णय झाला. मग रोज संध्याकाळी 7 वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद.

दोन्ही गावांचं दुखणं एकच होतं. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मोबाईल हातात आला आणि शाळा उघडली तरी सुटेना. पण बांशीची बंदी फक्त मुलांवर होती. वडगावात आई-बापालाही मोबाईल खाली ठेवावा लागत होता. आमच्या मते खरा फरक तिथेच आहे.

सजग पालकत्व म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला 'माइंडफुल पॅरेंटिंग' म्हणतात, त्यावर मायला आणि जॉन कबाट-झिन या अमेरिकन दांपत्याचं 1997 चं पुस्तक प्रसिद्ध आहे. नाव परकं असलं तरी कल्पना आपल्याला नवी नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे महाराष्ट्रात माहीत झालेलं आनापान हेच शिकवतं. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघायचं. मन भरकटणारच. भरकटलं हे लक्षात आलं की चिडचिड न करता परत आणायचं. पालकत्वात फक्त श्वासाच्या जागी मूल येतं.

आता तुम्ही म्हणाल, चोवीस तास मुलाकडे कोण लक्ष देणार? कोणीच नाही, आणि तशी गरजही नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसत-खेळत असते. मग काही मिनिटं ती बाळाकडे बघते, पण चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच उत्तर मिळेना, की तोंड फिरवतं, रडू लागतं. (मोबाईलमध्ये डोकं घातलेला आपला चेहरा मुलाला कसा दिसत असेल, याचा अंदाज इथे येतो.) पण प्रयोगाचा तिसरा भाग बरेचजण विसरतात. आई पुन्हा बाळाशी बोलू लागते आणि बहुतेक बाळं हळूहळू सावरतात. पुढच्या कामात ट्रॉनिक यांनी याच परत येण्यावर भर दिला. नात्यात तुटणं रोजचंच, जोडून घेणं महत्त्वाचं.

मग वाशिममध्येही भोंगा लावायचा का?

लावता येईल, पण सातची वेळ सगळ्यांना जमणार नाही. वाशिम हा सोयाबीनचा पट्टा. काढणीच्या दिवसांत अंधार पडला तरी माणसं वावरातच असतात. रब्बीत शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली, तर बाप हरभऱ्याला पाणी द्यायला जातो तेव्हा पोरं झोपायच्या बेतात असतात. शिवाय वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजार समितीचे भावही मोबाईलवरच येतात. 'बंद करा' म्हणणं सोपं आहे.

इथे दीड तासापेक्षा ठरलेली दहा मिनिटं जास्त उपयोगी पडतील. चपला काढल्यावरची पहिली दहा मिनिटं घ्या. भाव नंतर बघता येतो, सोयाबीन रात्रीतून विकायचं नसतं. त्या वेळात "अभ्यास झाला का?" हा प्रश्न नको. त्याचं उत्तर हो किंवा नाही, तिथे बोलणं संपतं. पोरगं जे सांगतंय ते ऐकायचं, मग ते शाळेतल्या भांडणाचं असो नाहीतर वासराचं. मधेच मन कर्जाच्या हप्त्याकडे जाईल. गेलं तर परत यायचं.

आणखी एक घर आहे, ज्याचा विचार बंदीच्या ठरावात होत नाही. जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात, मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. तिथे मोबाईल हाच आईचा चेहरा असतो. अशा घरात संध्याकाळी मोबाईल बंद करून चालणार नाही. उलट व्हिडिओ कॉलची वेळ पक्की हवी, आणि कॉल चालू असताना पलीकडच्या आईने भाकरी थापायचं काम पाच मिनिटं थांबवलं, तरी पोराला ते दिसतं.