रविवारचा बेत आणि दोन शेगड्या

मासिकातल्या पाककृतींवरून रविवारचे साग्रसंगीत जेवण करायचे, तर पहिली अडचण तिखटा-मिठाची नसते, शेगडीची असते. प्रत्येक कृती आपल्या जागी अगदी बरोबर असते. पण त्या वेळी ओट्यावर दुसरे काही शिजत नाही, असे धरून ती लिहिलेली असते. अशा पाच कृती एकत्र आल्या की दीड वाजतो, मुले भुकेने कलकलतात आणि पोळ्या अजून व्हायच्याच असतात.

मापाचा प्रश्न आधीच्या पिढीतच सुटला. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' 1970 साली आले आणि 'अंदाजाने'च्या जागी वाटी-चमचा घरोघरी गेला. वेळेचे माप मात्र जिचे तिनेच बसवायचे.

आमच्याकडे सावेडीत सहा माणसांचा बेत असा : श्रीखंड, पोळ्या, भरली वांगी, कोशिंबीर, मसालेभात, कढी. यात मासिकातला नवा पदार्थ एकच घ्यावा, बाकीचे हातातले असावेत.

शनिवारी रात्री दही फडक्यात बांधून टांगा. वांग्यांसाठी दाणे, तीळ, सुके खोबरे भाजून कुटून ठेवा. काळा मसाला घरात असतोच.

रविवारी नऊ वाजता चक्क्यात जवळजवळ तितकीच साखर मिसळून झाकून ठेवा. तासाभराने पुरणयंत्रातून सहज निघतो. कणीक भिजवून घ्या. साडेदहाला वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाका, म्हणजे काळी पडत नाहीत. मग भरून मंद आचेवर ठेवा. दुसऱ्या शेगडीवर भात : दोन वाट्या तांदळाला चार वाट्या उकळते पाणी. वांगी उतरली की तिथे कढी. दोन वाट्या ताकाला एक मोठा चमचा डाळीचे पीठ आधीच कालवा आणि ढवळत राहा. खळाखळा उकळू दिलीत तर कढी फुटते. काकडी चोचवून ठेवा, पण मीठ वाढतानाच घाला. नाहीतर पाणी सुटते.

आता उरल्या पोळ्या. खरी गोम इथेच आहे. 'तव्यावरचीच हवी' या हट्टापायी घरातली बाई पंगतीला बसतच नाही. ती बसते तेव्हा भात गार, कढीवर साय आणि श्रीखंड तळाशी. आमच्या सासूबाईंचाही हट्ट होता. एकदा म्हटले, "आई, पोळ्या करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते, आज तुम्ही-मी सगळ्यांबरोबर बसू." त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी कधी बसलेच नाही गं." त्या दिवसापासून पोळ्या डब्यातूनच वाढल्या जातात आणि त्या मऊच असतात.

बाकीची कामे नावानिशी वाटून द्या. ताटे-पाणी मुलांकडे, श्रीखंड गाळणे ह्यांच्याकडे, लिंबू-मीठ धाकटीकडे. 'काही मदत करू का?' असे विचारायची वेळ कुणावर आणू नका. विचारणारा नेमका भात उतरवतानाच विचारतो! शाळेत पोरांना कामे वाटतो, तशीच घरातही वाटावीत. दुपारी माझ्या वह्या तपासायच्या राहिलेल्या असतात, आणि तुमचेही काही ना काही असेलच.

तुमच्या शेगड्यांप्रमाणे या वेळा मागेपुढे करून कागदावर लिहा आणि फ्रीजच्या दारावर लावा. शेवटची ओळ मात्र खोडू नका : साडेबारा, सगळ्यांची पाने एकदम.