मीपणाचं लगेज

अप्रेझलचा फॉर्म भरताना नम्र राहून बघा. 'टीमनं केलं' असं लिहिलंत, तर इन्क्रिमेंटही टीमलाच मिळतं! 'स्वतःला विकता आलं पाहिजे' हा आपल्या पिढीचा मंत्र. पण त्याचा एक साइड इफेक्ट आहे. दिवसभर स्वतःचीच जाहिरात करायची, म्हणजे दिवसभर स्वतःचाच विचार करायचा. आणि स्वतःइतका बोअर विषय दुसरा नाही, मंडळी.

म्हणून आज एका रेल्वेप्रवासाबद्दल. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी गाडी भंडारा जिल्ह्यातून जाते. भंडारा रोड (हे स्टेशन भंडाऱ्यात नसून वरठीला आहे!), मग तुमसर रोड, मग वैनगंगेचा पूल. १८९३ साली याच मार्गानं एक कोकणस्थ कवी राजनांदगावला निघाला होता. नोकरीच्या शोधात. तिशी उलटलेली, घरी बायको, डोक्यात मोठमोठी स्वप्नं. आपणच एक नवा धर्म स्थापन करावा, इथवर! हे नारायण वामन टिळक.

डब्यात एक गोरा प्रवासी होता. १८९३ मधला साहेब म्हणजे काय रुबाब असेल, कल्पना करा. पण हा आदबीनं वागला, संस्कृत काव्यावर मित्रासारखा गप्पा मारत बसला. उतरण्याआधी त्यानं टिळकांच्या हातात 'नवा करार' ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना ते पटलं नाही. पण पुस्तक उघडलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थांबले. त्या प्रवचनाची सुरुवातच उलटी आहे. धन्य कोण? तर जे दीन आहेत, सौम्य आहेत ते. आपल्या एचआरला हे पटेल का?

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. किंमत जबर होती. नातेवाईक तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या त्या बाईवर काय आभाळ कोसळलं असेल! पण मग लक्ष्मीबाई नगरला आल्या. आधी स्वतःचं सोवळं वेगळं सांभाळून राहिल्या. हळूहळू, कुणी ढकलल्यामुळे नाही तर स्वतः विचार करून, त्यांनी जातीचा अभिमान खाली ठेवला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

मला नम्रता म्हणजे काय हे कळतं, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मधून. दुःख, दारिद्र्य, प्लेगचे दिवस, सगळं त्यात आहे. तरी वाचताना तुम्ही खळखळून हसता, कारण बाई सगळ्यात जास्त हसतात त्या स्वतःला. फजिती लपवायची नाही, मोठेपणा मिरवायचा नाही. ज्याला इमेज सांभाळायची नसते, त्याच्याकडे आनंदासाठी केवढा वेळ उरतो!

पण एक घोळ करू नका. नम्र म्हणजे बॉससमोर मान डोलावणारा नव्हे. परदेशी मिशनऱ्यांची साहेबगिरी टिळकांना खपत नसे. ख्रिस्ताकडे जायची वाट आपल्याला तुकोबांच्या पुलावरून सापडली, असं ते मानत. मराठी चर्चनं मराठीत गावं म्हणून त्यांनी शेकडो गीतं लिहिली. १९१७ मध्ये तर मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, दार सगळ्यांना उघडं. ९ मे १९१९ ला ते गेले. अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं. नवऱ्याच्या कामाला आपला हात लावला, गाजावाजा न करता.

ख्रिस्ती परंपरेत नम्रतेचं चित्र अगदी साधं आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशूनं कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. आणि संत पौलाचं सगळ्यात आनंदी पत्र, फिलिप्पैकरांना लिहिलेलं, तुरुंगातून आलंय. दुसऱ्याला आपल्यापेक्षा मोठं माना, हा सल्ला आणि आनंद करा, हा आग्रह, दोन्ही त्याच पत्रात. हा योगायोग नसावा. स्वतःला कमी लेखणं म्हणजे पुन्हा स्वतःचंच मोजमाप. नम्र माणूस मोजपट्टीच ठेवून देतो, आणि मग त्याला समोरचा माणूस दिसायला लागतो.

तुम्ही ख्रिस्ती असा, वारकरी असा नाहीतर काहीच नसा, एवढं करून बघायला हरकत नाही. या आठवड्यात एका कामाचं क्रेडिट ज्याचं त्याला द्या, सगळ्यांसमोर. कॅन्टीनमधल्या मुलाला नाव विचारा. आणि गाडीत शेजारच्याशी बोला, हेडफोन काढून. फॉर्म भरताना मात्र खरं ते लिहा. खोटा विनयसुद्धा जाहिरातच असते!